नत्रबंधक विकर : रचना, कार्य आणि जिवाणूंतील रोपण

१. नाव आणि वस्तू

अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाज्ये याने हवेतील एका वायूला 'अझोत' असे नाव दिले. या वायूत प्राणी जगत नाही आणि दिवा तेवत नाही. ग्रीक मुळावरून बनविलेल्या या शब्दाचा अर्थ 'निर्जीव' असा होतो. जर्मन भाषेत त्याच वायूला 'गुदमरविणारे द्रव्य' अशा अर्थाचा शब्द रूढ झाला. पुढे १७९० मध्ये शाप्ताल याने 'सोऱ्याचे जनक द्रव्य' या अर्थाने 'नायट्रोजन' हे नाव सुचविले आणि इंग्रजीने ते स्वीकारले. आपल्याकडे 'नत्र' हा शब्द शेतकऱ्याच्या बोलण्यातही रुळलेला आहे. नावांचा हा इतिहास उद्बोधक आहे. कारण ज्याला 'निर्जीव' म्हटले त्या मूलद्रव्यावाचून एकही प्रथिन, एकही जनुक, किंबहुना एकही सजीव संभवत नाही. वातावरणाचा सुमारे ७८ टक्के भाग या वायूने व्यापलेला आहे. आणि तरीही शेतातील पीक पुष्कळदा नत्राच्याच अभावी खुंटते.

'नत्र-स्थिरीकरण' ही संज्ञा आपल्या पाठ्यपुस्तकांत प्रचलित आहे. तिच्यातील 'स्थिर' हा शब्द मात्र नवख्या वाचकाची दिशाभूल करतो. अस्थिर वस्तू स्थिर करणे असा तिचा सरळ अर्थ होतो, आणि वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. हवेतील नत्राचा रेणू हा अत्यंत स्थिर रेणूंपैकी एक असून, प्रक्रियेचे सारे अवघडपण त्याच्या या स्थैर्यातच आहे. मूळ युरोपीय संज्ञेत मोकळ्या वायूला संयुगात बांधून घेणे हा अर्थ अभिप्रेत होता. याच अर्थाने जोसेफ ब्लॅक याने अठराव्या शतकात चुनखडीत अडकलेल्या कर्बवायूला 'बद्ध हवा' म्हटले होते. म्हणून प्रस्तुत लेखात 'नत्रबंधन' हा शब्द योजिला आहे, आणि ते घडवून आणणाऱ्या विकराला, म्हणजे एन्झाइमाला, 'नत्रबंधक विकर' म्हटले आहे. शास्त्रीय परिभाषेत त्याचे नाव नायट्रोजिनेज.

हे विकर कसे काम करते, आणि ते एका जिवाणूतून दुसऱ्यात नेणे इतके अवघड का ठरले, हे सांगणे हा या लेखाचा हेतू आहे. भाषेच्या अभ्यासकाने या विषयात शिरण्याचे कारण एवढेच की, जीवशास्त्राने आपल्या परिभाषेचा मोठा भाग भाषाविचाराकडून उसना घेतला आहे. जनुकाचे 'प्रतिलेखन' होते, मग प्रथिनात 'भाषांतरण' होते. त्यात 'संकेत' असतात आणि त्यांचे 'वाचन' होते. उसन्या शब्दांबरोबर एक समजूतही गेली. ती अशी की, जनुक म्हणजे शब्द, आणि शब्द जसा एका भाषेतून दुसरीत उचलता येतो तसा जनुकही एका जीवातून दुसऱ्यात उचलून ठेवता येईल. नत्रबंधक विकराचा गेल्या अर्धशतकाचा इतिहास ही समजूत तपासून पाहण्यास फार उपयुक्त आहे.

२. तिहेरी बंध

नत्राच्या रेणूत दोन अणू परस्परांशी तिहेरी बंधाने जोडलेले असतात. हा बंध पूर्णपणे तोडावयाचा तर एका मोलमागे सुमारे ९४५ किलोजूल ऊर्जा लागते. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. नत्र आणि हायड्रोजन यांच्यापासून अमोनिया बनणे ही एकूण हिशेबात ऊर्जा देणारीच प्रक्रिया आहे. अडचण शेवटाची नसून वाटेतील चढाची आहे. पहिला बंध सैल करण्यासाठीच जो चढ चढावा लागतो तो इतका उभा आहे की, सामान्य परिस्थितीत रेणू तेथपर्यंत पोहोचतच नाहीत.

मनुष्याने हा चढ बळाने पार केला. फ्रित्स हाबर याने १९०९ मध्ये प्रयोगशाळेत आणि कार्ल बॉश याने १९१३ मध्ये जर्मनीतील ओपाऊ येथील कारखान्यात ही प्रक्रिया सिद्ध केली. लोहाचा उत्प्रेरक, ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि हवेच्या दाबाच्या दीडशे-दोनशे पट दाब, ही तिची साधने होत. आज जगात वर्षाला सुमारे १८ कोटी टन अमोनिया अशा रीतीने तयार होतो आणि त्याचा मोठा भाग खतांत जातो. जगातील जवळजवळ निम्म्या लोकसंख्येचे अन्न या नत्रावर अवलंबून आहे असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्याची किंमतही मोठी आहे. हायड्रोजन मुख्यतः नैसर्गिक वायूपासून व कोळशापासून मिळवावा लागतो. शेतात घातलेल्या खताचा बराच हिस्सा पिकाला न मिळता नायट्रेटच्या रूपाने पाण्यात उतरतो, आणि काही नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कर्बवायूपेक्षा सुमारे २७० पट अधिक उष्णता धरून ठेवतो.

हेच काम काही जिवाणू सामान्य तापमानात, सामान्य दाबाखाली, ओल्या मातीत बसून करतात. १८८८ मध्ये हेलरीगेल आणि विलफार्थ यांनी शेंगावर्गीय वनस्पतींच्या मुळांवरील गाठींचा नत्राशी असलेला संबंध सविस्तर सिद्ध केला. त्याच वर्षी बायरिंक याने त्या गाठींतील जिवाणू वेगळा काढला. ज्वारीत तुरीचे आंतरपीक घेणारा किंवा हरभऱ्याच्या बियाण्यास जिवाणू-संवर्धन चोळून पेरणी करणारा आपला शेतकरी याच शक्तीचा उपयोग करून घेतो. ही शक्ती केवळ जिवाणू व आर्किया या आदिम पेशींच्या दोन कुळांतच आढळते. आपल्या केंद्रकातील जनुकांच्या बळावर नत्र बांधणारी एकही वनस्पती वा एकही प्राणी आजवर आढळलेला नाही.

३. विकराची घडण

पेशीच्या बाहेर, तिच्या अर्कात, ही प्रक्रिया खात्रीने घडवून आणणे प्रथम साधले ते १९६० मध्ये. अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत कार्नाहन, मॉर्टेन्सन आणि त्यांचे सहकारी यांनी क्लॉस्ट्रिडियम या जिवाणूच्या अर्कात ती करून दाखविली. त्यानंतर असे दिसून आले की, नत्रबंधक विकर हे एक प्रथिन नसून दोन प्रथिनांची जोडी आहे.

पहिल्यास लोह-प्रथिन म्हणतात. ते दोन समान घटकांचे बनलेले असून त्या दोहोंच्या मध्ये चार लोह-अणू व चार गंधक-अणू यांचा एक गुच्छ असतो. दुसरे मॉलिब्डेनम-लोह-प्रथिन. ते पुष्कळ मोठे, चार घटकांचे असते आणि त्याचे दोन समान अर्धभाग पडतात. प्रत्येक अर्ध्या भागात दोन धातुगुच्छ असतात. त्यांपैकी एक, आठ लोह व सात गंधक अणूंचा, इलेक्ट्रॉन पुढे पोचविणारा आहे. दुसऱ्यात सात लोह, नऊ गंधक व एक मॉलिब्डेनम असून त्याला होमोसिट्रेट नावाचे सेंद्रिय आम्ल जोडलेले असते. नत्राचा रेणू या दुसऱ्या गुच्छावरच बांधला जातो.

या गुच्छाची आकृती प्रथम १९९२ मध्ये किम आणि रीस यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली. तेव्हा त्याच्या मध्यभागी पोकळी आहे असे वाटले. २००२ मध्ये अधिक सूक्ष्म मापनात त्या पोकळीत एक हलका अणू असल्याचे आढळले, आणि २०११ मध्ये तो कार्बनचा असल्याचे निश्चित झाले. सहा लोह-अणूंनी वेढलेला एकटा कार्बन अणू सजीवसृष्टीत इतरत्र क्वचितच पाहावयास मिळतो. काही जिवाणूंत मॉलिब्डेनमच्या जागी व्हॅनेडियम किंवा केवळ लोह असलेली पर्यायी विकरेही असतात. पण ज्या जिवाणूंत ती आढळतात त्यांत मॉलिब्डेनमचे विकरही असतेच.

४. कार्याची रीत

लोह-प्रथिन हे इलेक्ट्रॉन वाहून आणणारे आहे. ते एटीपीचे दोन रेणू धारण करते, मोठ्या प्रथिनाला जाऊन चिकटते, एक इलेक्ट्रॉन त्याच्या स्वाधीन करते, त्या सुमारास एटीपीचे विघटन होते आणि मग ते सुटून नव्या इलेक्ट्रॉनसाठी परत जाते. एका खेपेस एकच इलेक्ट्रॉन पोचतो. एका नत्र-रेणूसाठी अशा आठ खेपा व्हाव्या लागतात. म्हणजे एटीपीचे सोळा रेणू खर्ची पडतात, आणि पदरात अमोनियाचे दोन व हायड्रोजनचा एक असे रेणू पडतात.

नत्राचे अमोनियात रूपांतर होण्यास सहा इलेक्ट्रॉन पुरेसे आहेत. मग उरलेले दोन हायड्रोजन वायू बनविण्यात का दवडावेत, असा प्रश्न स्वाभाविकपणे उद्भवतो. याचे उत्तर विकराच्या युक्तीतच आहे. थॉर्नली आणि लो यांनी १९८० च्या दशकात मांडलेल्या क्रमानुसार, विकर प्रथम इलेक्ट्रॉन व प्रोटॉन गोळा करीत राहते. असे चार इलेक्ट्रॉन साठले की ते हायड्रोजनच्या रूपाने लोह-अणूंवर बसलेले असतात. त्यांपैकी दोन हायड्रोजन-अणू परस्परांशी जुळून वायुरूपाने निघून जातात, आणि त्यांच्या जाण्याने धातुगुच्छ क्षणभर इतका क्रियाशील होतो की, नत्राचा हट्टी रेणू तेथे पकडला जाऊन त्याचा तिहेरी बंध सैल होतो. ज्याला आपण उधळपट्टी समजतो तो वस्तुतः प्रवेशशुल्काचा भाग आहे. हाबरने जे उष्णतेने व दाबाने साधले ते विकर अशा क्रमबद्ध संचयाने साधते.

हे सारे काम अतिशय संथ आहे. एका केंद्रावर सेकंदाला जेमतेम एखादा नत्र-रेणू बांधला जातो. पुष्कळ विकरे याच्या हजारो पट वेगाने काम करतात. ही उणीव भरून काढण्यासाठी जिवाणूला विकराचा प्रचंड साठा करावा लागतो. कधी कधी पेशीतील एकूण प्रथिनांच्या दहाव्या हिश्शापर्यंत त्याचे प्रमाण जाते. तेव्हा नत्र बांधणे हा जिवाणूच्या दृष्टीने अत्यंत खर्चाचा व्यवहार आहे, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेविली पाहिजे.

५. ऑक्सिजनचे वैर

या विकराचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे ऑक्सिजनपुढील त्याची दुर्बलता. उघड्या हवेत लोह-प्रथिनाची निम्मी शक्ती एका मिनिटाच्या आत नष्ट होते, आणि ती परत येत नाही. यातून एक विलक्षण पेच निर्माण होतो. एटीपीचा एवढा मोठा पुरवठा करावयाचा तर श्वसन हवे. श्वसनाला ऑक्सिजन हवा. आणि ऑक्सिजन तर विकराचा शत्रू.

निरनिराळ्या जिवाणूंनी हा पेच निरनिराळ्या रीतीने सोडविला आहे. क्लॉस्ट्रिडियम ऑक्सिजनरहित जागीच राहतो. मातीत मोकळा राहणारा ॲझोटोबॅक्टर इतक्या जलद श्वसन करतो की, ऑक्सिजन पेशीच्या अंतर्भागात पोचण्यापूर्वीच संपतो. प्रकाशसंश्लेषण करणारा ॲनाबिना आपल्या साखळीतील काही पेशींना जाड भिंती देऊन केवळ याच कामासाठी राखून ठेवतो. तुरीच्या किंवा भुईमुगाच्या मुळांवरील निरोगी गाठ कापली तर आतून तांबूस दिसते. तो रंग आपल्या रक्तातील द्रव्याशी नाते सांगणाऱ्या लेगहिमोग्लोबिनचा. ते ऑक्सिजन धरून ठेवते आणि जिवाणूला मोजून पुरविते.

६. जनुकांचा समूह आणि पहिले रोपण

आता जनुकांकडे वळू. क्लेब्सिएला या जिवाणूत नत्रबंधनाची वीस जनुके सात गटांत, एकमेकांलगत मांडलेली आहेत. त्यांना 'निफ' असे समुच्चयवाचक नाव असून प्रत्येकास एकेक रोमन अक्षर दिलेले आहे. या वीसांपैकी विकराची प्रत्यक्ष प्रथिने घडविणारी जनुके तीनच : एच, डी आणि के. उरलेली काय करतात? यू आणि एस ही लोह-गंधकाचे लहान गुच्छ बनवितात. बी हे अशा दोन गुच्छांचा सांधा करून त्यांच्या मध्ये कार्बनचा अणू बसविते. व्ही हे होमोसिट्रेट तयार करते. ई आणि एन मिळून एक साचा बनतो; त्यावर मॉलिब्डेनम व होमोसिट्रेट जोडले जाऊन पुरा झालेला गुच्छ मोठ्या प्रथिनात बसविला जातो. एफ आणि जे इलेक्ट्रॉन पुरवितात. ए हे साऱ्यांना कामास लावते आणि एल हे त्यांना आवरते. लोह-प्रथिनाचा प्रकार तर अधिकच मनोरंजक आहे. ते इलेक्ट्रॉन वाहतेच. शिवाय दोन्ही धातुगुच्छांच्या घडणीतही त्याचा हात असतो. एकच शब्द एका वाक्यात तीन कारकांचे काम करावा, तशातला हा प्रकार आहे.

आपल्या प्राचीन वाक्यविचारात पदसमूहाला वाक्यार्थ येण्यासाठी तीन अटी सांगितल्या आहेत : आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी. एका पदाला दुसऱ्याची अपेक्षा असणे ही आकांक्षा, अर्थाचा परस्परांशी मेळ बसणे ही योग्यता, आणि पदे योग्य वेळी एकत्र येणे ही सन्निधी. नत्रबंधनाच्या जनुकांना या तिन्ही अटी लागू पडतात. बी-वाचून ई-एन रिकामे, आणि त्यांच्यावाचून डी-के निष्क्रिय, ही आकांक्षा. पेशीत ऑक्सिजन नसणे, मॉलिब्डेनम व एटीपी असणे, ही योग्यता. सारी प्रथिने ठराविक प्रमाणात एकाच वेळी उपलब्ध होणे; ही सन्निधी.

१९७१ मध्ये असे आढळले होते की, क्लेब्सिएलाची ही जनुके हिस्टिडीन या अमिनो-आम्लाच्या जनुकांच्या शेजारी आहेत. त्याचा लाभ घेऊन १९७२ मध्ये इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठात रे डिक्सन आणि जॉन पोस्टगेट यांनी, जिवाणूंच्या परस्परसंयोगाच्या मार्गाने, ती एश्चेरिशिया कोलाय या आतड्यातील जिवाणूत नेली. ज्यांना हिस्टिडीन बनविता येऊ लागले असे जिवाणू त्यांनी निवडले, आणि त्यांच्यातील काहींना नत्र बांधता येऊ लागले होते. ज्या जातीने नत्र कधी बांधला नव्हता तिला ती शक्ती प्राप्त झाली. साहजिकच, आता गहू आणि मकाही आपले खत आपणच बनवू लागतील, अशी आशा त्या काळी पुष्कळांनी बाळगली.

परंतु या यशाचे कारण नीट पाहिले पाहिजे. हे दोन जिवाणू जवळचे नातलग आहेत. प्रतिलेखनाच्या खुणा, भाषांतरणाची यंत्रणा आणि लोह-गंधकाचा पुरवठा या बाबतींत त्यांच्यात पुष्कळ साम्य आहे. पोटभाषेतील वाक्य प्रमाणभाषेच्या भाषकाला सहज समजावे, तसे हे झाले. तरीही ते वाक्य ऑक्सिजन नसतानाच उच्चारता येई. १९८१ मध्ये हाच संपूर्ण जनुकसमूह यीस्टच्या गुणसूत्रात घालण्यात आला. तो तेथे टिकला, पिढ्यान्‌पिढ्या वारशाने जात राहिला. पण नत्र काही बांधला गेला नाही. पोथी अखंड पोचली होती, परंतु त्या घरात ती लिपी वाचणारा कोणी नव्हता.

७. पुनर्लेखनाचे प्रयोग

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा २०१२ चा. अमेरिकेत टेम, झाओ आणि व्हॉइट यांनी क्लेब्सिएलाचा हा समूह नव्याने लिहून काढला. अनावश्यक वाटणारी जनुके वगळली. जनुकांमधील मोकळ्या जागांत दडलेल्या नियंत्रणाच्या जुन्या खुणा काढून टाकल्या. प्रथिने तीच राहतील पण त्यांचे संकेत निराळे होतील असे बदल केले. आणि ज्यांचे वर्तन आधीच मोजून ठेवलेले आहे अशा कृत्रिम प्रवर्तकांच्या हाती सारे नियंत्रण दिले. मूळ समूह काढून टाकलेल्या क्लेब्सिएलात ही नवी संहिता घातली तेव्हा मूळ शक्तीच्या सुमारे ७ टक्के शक्ती परत आली.

सात टक्के ही संख्या लहान खरी, पण तिचे महत्त्व निराळे आहे. प्रत्येक प्रथिन अक्षरशः तेच असताना त्र्याण्णव टक्के शक्ती गेली कोठे? ती शब्दांत नव्हती. शब्दांच्या परस्पर प्रमाणात, क्रमात आणि काळात होती. २०१४ मध्ये याच परंपरेतील स्मान्स्की आणि सहकारी यांनी सोळा जनुकांच्या या समूहाच्या क्रम, दिशा व मात्रा बदलून १२२ संपूर्ण आवृत्त्या तयार केल्या व तपासल्या. आणि या क्रमाने एका पूर्णतः कृत्रिम समूहाने मूळ शक्तीचा ५७ टक्के वाटा परत मिळविला. एकही नवा शब्द न घालता केवळ अन्वय बदलून हा लाभ झाला.

चीनमधील संशोधकांनी दुसरी वाट धरली. २०१३ मध्ये त्यांनी दाखविले की, पेनिबॅसिलस नावाच्या जिवाणूतील अवघ्या नऊ जनुकांचा समूह एश्चेरिशिया कोलायला नत्रबंधक बनवितो. वीसाऐवजी नऊ म्हणजे वाक्य लहान झाले असे मात्र समजू नये. गुच्छ बनविणे, इलेक्ट्रॉन पुरविणे ही कामे यजमान पेशीने स्वतःच्या यंत्रणेतून पुरी केली. व्याकरणाच्या भाषेत, ती पदे वगळली गेली नाहीत. ती अध्याहृत राहिली. अध्याहार तेथेच चालतो जेथे ऐकणाऱ्यापाशी गाळलेला भाग आधीपासून असतो. २०१८ मध्ये तेथीलच दुसऱ्या एका गटाने चौदा जनुके जोडून पाच महाजनुके बनविली. त्यांपासून लांबलचक प्रथिने तयार होतात आणि एक कापणारे विकर त्यांचे ठरलेल्या जागी तुकडे करते. एका साखळीतून आलेले तुकडे आपोआप समप्रमाणात मिळतात, आणि सन्निधीचा प्रश्न पुष्कळसा सुटतो. केवळ या पाच जनुकांच्या आधारे जिवाणू हवेतील नत्रावर वाढू शकला.

८. आवर घालणारे जनुक

पिकाला उपयोग व्हावयाचा तर जिवाणूने नत्र बांधणे एवढेच पुरेसे नाही; बांधलेला नत्र त्याने पिकाला द्यावयास हवा. निसर्गतः तो तसे करीत नाही. भोवती अमोनिया असेल किंवा ऑक्सिजन वाढला असेल, तर एल हे प्रथिन ए या प्रथिनाला धरून ठेवते आणि सारा समूह मौन पाळतो. इतक्या खर्चाचे काम गरज नसताना करू नये, हा त्यातील व्यवहार आहे.

१९९२ मध्ये ॲझोटोबॅक्टरमधील एल-जनुक निकामी केले असता तो जिवाणू अमोनिया बाहेर टाकू लागल्याचे दिसून आले. याच तत्त्वावर, परका जनुक न घालता, जिवाणूच्या स्वतःच्या संहितेतच फेरफार करून एल काढून टाकावे आणि ए सतत जागे ठेवावे, असे प्रयत्न पुढे झाले. मक्याच्या मुळांशी राहणारे असे जिवाणू अमेरिकेत २०१९ पासून व्यापारी प्रमाणावर वापरले जाऊ लागले. खताचा काही भाग वाचविणे हे त्यांचे उद्दिष्ट आहे; संपूर्ण खताची जागा घेण्याचा दावा त्यांच्याबाबत करता येत नाही.

येथे खरी अडचण रसायनाची नसून जीवनकलहाची आहे. सोळा एटीपी खर्चून मिळविलेला अमोनिया बाहेर टाकणारा जिवाणू आणि तो फुकट उचलणारा शेजारी, यांच्यात दुसऱ्याचीच वाढ जलद होणार. शिवाय स्वतःच्याच वंशात एखाद्या फेरबदलाने हे ओझे टाकून देणारा निपजला, तर तोही मूळ दात्याला मागे सारणार. मुळांवरील गाठीने हा प्रश्न करार करून सोडविला आहे. गाठीत वनस्पती जिवाणूला निवारा देते, सेंद्रिय आम्लांच्या रूपाने अन्न देते आणि ऑक्सिजन मोजून देते; त्याच्या मोबदल्यात अमोनिया घेते. २००९ मध्ये तर असेही सिद्ध झाले की, लोटस या शेंगावर्गीय वनस्पतीच्या गाठींतील जिवाणूपाशी होमोसिट्रेटचे जनुकच नसते. ते द्रव्य वनस्पती त्याला पुरविते. वाक्य एकाने आरंभावे आणि त्यातील एक पद दुसऱ्याने घालावे, तेव्हाच अर्थ पुरा व्हावा, असा हा संवाद आहे.

९. उपसंहार

या विवेचनातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली शास्त्राविषयी. 'नत्रबंधनाचे जनुक' असा एकवचनी प्रयोग आपण करतो तो सोडला पाहिजे. ज्याचे रोपण करावयाचे ते जनुक नव्हे, समूहही नव्हे. समूह, त्याचे नियंत्रण, धातूंचा पुरवठा, ऑक्सिजनपासून संरक्षण आणि खर्च सोसण्याची पेशीची ऐपत, या साऱ्यांची मिळून होणारी व्यवस्था होय. निसर्गाचा दाखलाही याच बाजूचा आहे. २०२४ मध्ये ब्रारुडोस्फेरा बिगेलोविआय या एकपेशीय सागरी शैवालात नत्र बांधणारे एक पेशीअंग असल्याचे सिद्ध झाले. ते एके काळचे स्वतंत्र सायनोबॅक्टेरियम असून आता यजमान पेशीबरोबर विभागते आणि आपली पुष्कळशी प्रथिने तिच्याकडून घेते. येथे निसर्गाने सुटी जनुके नेली नाहीत, संपूर्ण जिवाणूच नेला. शब्द उसने न घेता भाषकालाच घरात आणून वसविले.

दुसरी गोष्ट परिभाषेविषयी. जनुकाला भाषेची उपमा देणे चूक नाही. चूक आहे ती भाषेला शब्दांची यादी समजण्यात. उपमेच्या मर्यादाही मान्य केल्या पाहिजेत. वाक्यातील एखादे पद मोठ्याने उच्चारल्यास वाक्य अशुद्ध होत नाही; पेशीत एखादे प्रथिन प्रमाणाबाहेर झाल्यास सारी घडण बिघडू शकते. सदोष वाक्य श्रोता समजून घेतो. सदोष धातुगुच्छ समजून घेणारा पेशीत कोणी नसतो. तरीही वाक्यविचाराने दिलेला इशारा येथे लागू पडतो : अर्थ सुट्या पदात नसतो, पदांच्या संबंधात असतो.

खताच्या पिशवीची किंमत आणि विहिरीच्या पाण्यातील नायट्रेट हे दोन्ही ज्याला सोसावे लागतात, त्या शेतकऱ्याच्या दृष्टीने हा वाद केवळ शब्दांचा नाही. 'एक जनुक घातले की खत नको' असे आश्वासन त्याला १९७२ नंतर अनेकदा ऐकविले गेले आहे. यापुढे आश्वासन देणाऱ्याने आपण एक शब्द देत आहोत की पुरे वाक्य, हे आधी स्वतःशी तपासून पाहावे. तोपर्यंत ज्वारीच्या ओळीशेजारची तुरीची ओळ हे वाक्य निर्दोषपणे उच्चारीत आहे, याचा विसर पडू देऊ नये.